बाबांचा कायदा आणि चौथा मजला

बोरीवलीतली आमची इमारत आता पत्र्यांच्या मागे गेली आहे. पुनर्विकास. पत्र्यांवर बिल्डरने मोठमोठी चित्रं लावलीत, त्यात एक जोडपं गॅलरीत उभं राहून कॉफी पितंय. आमच्या इमारतीत गॅलरीत उभं राहून कोणी कॉफी प्यायलेलं मला आठवत नाही. गॅलरीत वाळत घातलेले कपडे असत, लोणच्याच्या बरण्या असत, आणि सकाळी खाली वाकून ‘पाणी आलं का हो?’ असं ओरडणारी माणसं असत. हा प्रश्न माझ्या बाबांना असे. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी होते. मी शाळेत होते तेव्हाही होते आणि माझी मुलगी शाळेत जायला लागली तेव्हाही होते.

यंदा महापालिकेच्या निवडणुका झाल्या एकदाच्या. त्यानंतर मी आईबाबांच्या भाड्याच्या घरी गेले, तर बाबा जेवणाच्या टेबलावर त्यांचा कायदा पसरून बसले होते.

‘‘नवा नगरसेवक आला,’’ ते म्हणाले. ‘‘आता परत सुरुवात करायला हवी.’’

‘‘अहो, त्या बिचाऱ्याला आधी खुर्चीत बसू तर द्या,’’ आई आतून म्हणाली.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! घर परकं, भिंतींचा रंग परका, पंखासुद्धा दुसऱ्या कोणाचा. पण हे दोघं जिथल्या तिथे होते.

बाबांचा कायदा म्हणजे काय, ते सांगायला हवं. निवडून दिलेल्या नगरसेवकाने काम केलं नाही तर पाच वर्षं हात चोळत बसायचं नाही. वॉर्डातल्या मतदारांनी सह्या करायच्या, पुन्हा मतदान मागायचं, आणि बहुमत विरोधात गेलं की त्याला घरी पाठवायचं. त्यासाठी विधानसभेने कायदा करायला हवा. गावात सरपंचावर अविश्वास आणता येतो, शेजारच्या राज्यात नगराध्यक्षाला मतदार परत बोलावू शकतात, मग मुंबईच्या मतदारांनीच काय घोडं मारलंय, असा बाबांचा सवाल होता. ते हा सवाल दूधवाल्यालाही विचारत.

याची सुरुवात झाली एका मोकळ्या प्लॉटवरून. आमच्या गल्लीच्या टोकाला बागेसाठी राखीव जागा होती. तेव्हाच्या नगरसेवकाने तिथे स्वतःच्या हसऱ्या फोटोचा फलक लावला, नारळ फोडला, आणि नंतर पाच वर्षं तिथे टेम्पो उभे राहिले. बाबा रोज संध्याकाळी तो फलक बघून येत आणि रोज तितकेच चिडत. ‘‘हा माणूस हसतोय कोणाला?’’ असं विचारत. शेवटी त्यांनी बैठक मारली आणि कायद्याचा मसुदाच लिहून काढला. बाबा एका कंपनीच्या हिशेब विभागातून निवृत्त झालेले. कायद्याशी संबंध फक्त वर्तमानपत्रापुरता. पण चिडलेला माणूस काय काय शिकतो ते मी तेव्हा पाहिलं. कलम, उपकलम, स्पष्टीकरण, सगळं आलं.

तो मसुदा घेऊन ते आमदाराकडे गेले. आमदार भला माणूस होता. तो म्हणाला, ‘‘मी अशासकीय विधेयक मांडतो, पण वॉर्डातून सह्या आणा. नुसता तुमचा एकट्याचा कागद घेऊन उभा राहिलो तर सभागृह हसेल मला.’’

बाबा सह्या गोळा करायला वॉर्डातल्या बाकीच्या इमारतींत दारोदार फिरले. दार उघडणारे पुरुष बाबांना आत बसवत, चहा देत, देशाचं कसं वाटोळं झालंय यावर तासभर बोलत, आणि सही मात्र ‘वाचून सांगतो’ म्हणून टाळत. बाबा घरी येत तेव्हा पोटात चार कप चहा आणि कागदावर एखादी सही. आई बघत होती. एका संक्रांतीला ती म्हणाली, ‘‘तो कागद माझ्याकडे द्या, आणि तुम्ही खाली जाऊन बसा.’’

आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू दणक्यात असे. दुपारी चारपासून बायकांची रीघ. त्या वेळात घरातल्या पुरुषाने घरात थांबायचं नाही, हा अलिखित नियम. बाबा गेटजवळच्या बाकावर जाऊन बसत. आईने काय केलं, तर अत्तरदाणी आणि गुलाबदाणीच्या शेजारी बाबांचा कागद ठेवला, वर पेन. हळदीकुंकू लावायचं, अत्तर लावायचं, हातावर तिळगूळ ठेवायचा, वाण द्यायचं आणि म्हणायचं, ‘‘यांच्या कागदावर एक सही कर गं.’’ हातात नवा प्लॅस्टिकचा डबा घेतलेली बाई सहीला नाही म्हणत नाही. एका दुपारीत अख्खा कागद भरला. गुजराती खजिनदारकाकांच्या बायकोने तर ‘‘यांच्यासाठी पण करू का?’’ विचारून नवऱ्याचीही करायला घेतली होती. मी पेन काढून घेतलं. 

मग तो पायंडाच पडला. दरवर्षी संक्रांतीला मी गोरेगावहून सकाळीच माहेरी यायचे, वाणाच्या वस्तू मोजून ठेवायचे, आणि अत्तरदाणीशेजारी बाबांचा कागद मांडायचे. विधेयक एकदा पटलावर आलं म्हणे, पण चर्चेपर्यंत पोचलं नाही. अधिवेशन संपलं, पुढच्या वेळी आमदाराचं तिकीट कापलं गेलं. बाबांनी दुसरा आमदार धरला. त्या कागदांना गुलाबपाण्याचा वास येई. मंत्रालयात तो वास घेऊन कोणी काय विचार करत असेल, या कल्पनेने आई आणि मी पदर तोंडात धरून हसायचो.

त्या उत्साहात बाबांनी सोसायटीतही तोच नियम आणला. म्हणाले, राज्याला शिकवायचं तर आधी घरात करून दाखवावं. सोसायट्यांच्या कायद्यात अविश्वासाची सोय होती, पण ती कमिटीच्या आत. बाबांना ती प्रत्येक घराला हवी होती. एक तृतीयांश घरांतून सही आली की महिन्याच्या आत सभा बोलवायची, आणि हजर असलेल्यांच्या बहुमताने पदाधिकाऱ्याला काढायचं. त्यात त्यांनी मुद्दाम एक गोष्ट घातली: सही घरातल्या कोणाही मोठ्या माणसाची चालेल, घर कोणाच्या नावावर आहे ते बघायचं नाही. मत मात्र घरटी एक, ज्याचं नाव कागदोपत्री पहिलं त्याचं. सभेत सगळे हसले. सेक्रेटरीला काढायचा नियम खुद्द सेक्रेटरीच मांडतोय! खजिनदारकाका म्हणाले, ‘‘साहेब, तुम्हाला काढून आम्ही काय करणार? ते काम करणार कोण?’’ हशा, टाळ्या, वेफर, सामोसे. ठराव एकमताने मंजूर.

आता चौथ्या मजल्यावरच्या बाईंबद्दल. त्या शाळेत शिकवून निवृत्त झाल्या होत्या, म्हणून सगळी इमारत त्यांना ‘बाई’च म्हणे. एकट्याच राहत. नवरा लवकर गेला, मुलगा परदेशात. इमारतीला लिफ्ट नव्हती. गुडघे गेले तसं बाईंचं खाली येणं आधी कमी झालं, मग थांबलं. डोळ्याच्या ऑपरेशनला त्यांना खुर्चीत बसवून दोघांनी उचलून खाली आणलं होतं. परत वर गेल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘आता माझी अशी मिरवणूक नको.’’ त्यानंतर त्या गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडत. भाजीवाला त्यात भाजी ठेवी. आई दिवसाआड वर जाऊन बसे. 

बाहेरच्या बाजूने लिफ्ट बसवता येते, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. आजूबाजूच्या इमारतींत बसल्याही होत्या. आमच्याकडे विषय निघे आणि अडे. तळमजल्यावरचे म्हणत, आम्हाला लिफ्टचा काय उपयोग, वर आमच्या खिडकीचा उजेड जाणार. बाबा म्हणत, सगळ्यांची संमती झाल्याशिवाय करायचं नाही. मग इंजिनिअरचा एक अहवाल आला, तो बाबांना अपुरा वाटला. दुसरा मागवला. मग महापालिकेची परवानगी. प्रत्येक सभेत बाबा उठून सांगत, ‘‘विषय माझ्या डोक्यात आहे, पुढच्या सभेत नक्की.’’ ते खोटं बोलत नव्हते. सकाळी टाकी बघायला गच्चीवर जाताना ते रोज बाईंच्या दारावरूनच जात, ‘‘काय बाई, बरं आहे ना?’’ विचारत. बाई म्हणत, ‘‘बरं आहे, सेक्रेटरी.’’ बाबांचे गुडघे ठणठणीत होते.

टेम्पोच्या प्लॉटवरचा तो हसरा नगरसेवक आणि आमचे बाबा यांच्यात काही साम्य असेल असं मला तेव्हा कोणी सांगितलं असतं, तर मी भांडायला उठले असते.

मग अशी वेळ आली की महापालिकेची मुदत संपली आणि निवडणुका लांबत गेल्या. नगरसेवकच उरले नाहीत. परत बोलवायला माणूसच नाही म्हटल्यावर बाबांची फार पंचाईत झाली. त्या संक्रांतीला त्यांनी कागद काढला नाही. ‘‘कोणाविरुद्ध सह्या घेऊ?’’ असं म्हणून ते तोंड पाडून बाकावर जाऊन बसले.

दुसऱ्या मजल्यावरची सून लवकर आली. कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती, बोलायला सरळ. आईला म्हणाली, ‘‘काकू, राग मानू नका. या वेळी माझा एक कागद इथे ठेवू का? तुम्ही नको म्हणालात तर नाही ठेवत.’’

आईने हात पुसले आणि कागद वाचला. मीही तिच्या खांद्यावरून वाचला. लिफ्टचा विषय इतकी वर्षं रेंगाळला, म्हणून सेक्रेटरींना पदावरून दूर करण्यासाठी सभा बोलवावी.  मी म्हणाले, ‘‘आई, आपल्याच घरात?’’ आईने अत्तरदाणी थोडी सरकवली आणि कागद तिथे ठेवला. बाबांच्या कागदाच्याच जागी.

पुढे जे झालं ते फक्त आमच्याच इमारतीत होऊ शकतं. बायका आल्या, हळदीकुंकू झालं, वाण घेतलं, आणि कागद दिसताच सवयीने पेन उचललं. आई प्रत्येकीला सांगत होती, ‘‘वाचून सही कर गं.’’ ‘‘काय वाचायचंय, काकांचा कागद ना?’’ असं म्हणत त्या सह्या करून मोकळ्या झाल्या. एकीने तर, ‘‘होऊ दे बाई एकदाचं काकांच्या मनासारखं,’’ असंही म्हटलं. मी हलव्याची वाटी घेऊन उभी होते. हसू की रडू ते समजेना. खिडकीतून खाली बाकावर बाबा दिसत होते, वॉचमनला काहीतरी समजावून सांगत होते.

सभा गच्चीवर झाली. मी कडेला उभी राहिले, मला मत नव्हतं. कागद वाचून दाखवल्यावर खजिनदारकाकांची बायको ताडकन उठली. ‘‘अरे, मी तर साहेबांच्या बाजूने सही केली! मला काय माहीत हे काय लिहिलंय!’’ आणखी दोघीतिघी म्हणाल्या, आमचंही तसंच. खजिनदारकाका बाबांना म्हणाले, ‘‘साहेब, झालं ना मग. कॅन्सल करून टाका. वाट लागली या कागदाची.’’

सगळे बाबांकडे बघत होते. त्यांनी नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी विषय संपला असता. त्यांना ती खुर्ची किती प्रिय होती ते मला माहीत होतं. गच्चीची किल्ली, टाकीचा व्हॉल्व्ह, सोसायटीचा शिक्का, यांच्याशिवायचे बाबा मी पाहिलेच नव्हते. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

‘‘सही केली ती केली,’’ ते म्हणाले. ‘‘उद्या राज्यात कायदा झाला तर नगरसेवक म्हणेल, लोकांनी वाचलंच नव्हतं. चालेल तुम्हाला? सभा कायदेशीर आहे. मत घेऊ.’’

मला त्यांचा इतका अभिमान वाटला आणि इतका रागही आला. असा माणूस नशिबाला येणं सोपं नसतं, ते मी आईकडून जाणून होते.

आणि आईच त्या दिवशी गच्चीवर होती. घर घेताना कर्ज तिच्या नोकरीवर निघालं होतं, म्हणून नाव तिचं पहिलं. म्हणजे आमच्या घराचं मत तिचं. पण ती कधी सभेला आली नव्हती. तिच्या गैरहजेरीत, घराच्या कागदावर दुसरं नाव बाबांचं म्हणून, ते मत देत. त्या दिवशी ती जिना चढून आली, शेवटच्या रांगेत बसली, पदर सारखा केला.

हात मोजायचं काम वर्षानुवर्षं बाबांचं. तेही त्यांनी दुसऱ्याला दिलं नाही. ठरावाच्या बाजूचे हात वर करा, म्हणाले, आणि पहिल्या रांगेपासून बोटाने मोजत निघाले. शेवटच्या रांगेत आईचा हात वर होता. सरळ, कोपरातून न वाकलेला. बाबांचं बोट तिथे थांबलं. 

‘‘आणि हा एक,’’ बाबा म्हणाले, आणि पुढे मोजायला लागले.

तिचा हात नसता तरी ठराव मंजूर झाला असता. हे मी नंतर बाबांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, ‘‘ते मला माहीत आहे. मीच मोजले ना.’’

घरी कोणी जेवलं नाही धड. बाबांनी किल्ल्या, शिक्का असं सगळं एका पिशवीत भरून दुसऱ्या मजल्यावर पोचवलं, कारण नवी सेक्रेटरी तीच सून झाली होती. परत येऊन त्यांनी आईला विचारलं, ‘‘तू हात का वर केलास?’’

आई भांडी आवरत होती. ‘‘तुम्हीच सांगता ना सगळ्यांना,’’ ती म्हणाली, ‘‘माणूस वाईट नसला तरी काम झालं नाही तर त्याला परत बोलवावं. तुम्ही वाईट नाही आहात हो. पण वर ती बाई टोपलीतून जग बघतेय. तुम्ही रोज तिच्या दारावरून टाकीकडे जाता. मी तिच्याकडे जाऊन बसते. मला बघवत नाही.’’ आणि मग ती रडली. बाबा उठून तिच्याजवळ गेले नाहीत, बसूनच राहिले. पण सकाळी चहा त्यांनी केला, आणि आईच्या हातात दिला.

ते दिवस वाईट होते. सकाळी बाबा सवयीने उठून चपला घालत आणि मग आठवलं की काढून ठेवत. मी फोन केला की म्हणत, ‘‘बरं आहे, निवांत आहे,’’ आणि निवांत माणसाचा आवाज तसा नसतो. सुनेने लिफ्टचं मनावर घेतलं होतं. तळमजल्यावाल्यांशी भांडली, मग त्यांच्याकडे जाऊन चहा प्यायली, खिडकीचा प्रश्न लिफ्टची जागा बदलून सोडवला. परवानगीच्या कामात ती अडकली तेव्हा मात्र बाबांकडेच आली. बाबांनी आधी आढेवेढे घेतले, आणि मग तिच्यासोबत महापालिकेच्या ऑफिसात जाऊन खिडकीसमोर रांगेत उभे राहिले. पदाशिवाय.

लिफ्ट सुरू झाली त्या संध्याकाळी मी मुद्दाम गेले होते. लिफ्टला हार घातला होता. दार उघडलं आणि आतून बाई आल्या. इस्त्रीची साडी, हातात काठी, बाजूला आई. सगळे पेढे पेढे करत होते. बाई कोणाकडे न बघता सरळ गेटजवळच्या बाकाकडे चालत गेल्या. तिथे बाबा बसले होते. बाबा घाईने उठून उभे राहिले.

‘‘बसा हो, सेक्रेटरी,’’ बाई म्हणाल्या आणि स्वतःही बसल्या. ‘‘तुमचा तो कागद द्या. माझी सही राहिलीय.’’

बाबांना आधी कळलंच नाही. मला कळलं आणि आईलाही, कारण तिने माझ्याकडे पाहिलं. बाबांच्या जवळजवळ सगळ्या सह्या हळदीकुंकवाच्या. बाई विधवा; गुडघे बरे होते तेव्हाही त्या दिवशी त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. आई दुसऱ्या दिवशी तिळगूळ घेऊन वर जाई आणि बाई तो मानाने घेत, पण तोवर कागद घडी होऊन कपाटात गेलेला असे. प्रत्येक मतदाराचा हक्क म्हणून बाबांनी इतकी वर्षं धडपड केली, आणि आमच्याच जिन्यातल्या एका मतदाराला आमच्यापैकी कोणीही विचारलं नव्हतं.

बाबांना हे हळूहळू उमगत गेलं, ते चेहऱ्यावर दिसलं. ते घरात जाऊन मसुदा आणि कोरा सह्यांचा कागद घेऊन आले. ‘‘वाचून सही करा, बाई,’’ म्हणाले. 

बाईंनी मात्र खरंच वाचलं. पहिल्या कलमापासून, बोट ठेवून, निबंध तपासत असल्यासारखं. पेढे वाटून झाले, मुलं लिफ्टने वरखाली करून ओरडा खाऊन झाली, तरी त्या वाचत होत्या. बाबा शेजारी ताठ बसून होते. शेवटी बाईंनी सही केली, पूर्ण नाव लिहून. पेन मात्र परत दिलं नाही.

‘‘चांगलं लिहिलंय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण एक राहिलंय. ज्याला खाली येता येत नाही, त्याच्या सहीसाठी वर जायचं. असं कुठे लिहिलंय यात?’’

बाबांनी मसुदा चाळल्यासारखं केलं. त्यात ते नाही हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

‘‘नाही लिहिलं, बाई,’’ ते म्हणाले. ‘‘चुकलं माझं.’’

‘‘मग लिहा,’’ असं म्हणून बाईंनी पेन त्यांच्या हातात दिलं. आणि माझ्या बाबांनी, गेटजवळच्या बाकावर, मांडीवर कागद ठेवून, ते तिथल्या तिथे लिहिलं.